बॅकग्राउंड नाही म्हणजे नेमकं काय नाही?

मे महिना लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक प्रश्न यायला लागतो. विचारणारा कधी माझ्याच युनिटमधला हवालदार असतो, कधी पेन्शनवर गेलेले एखादे सुभेदार साहेब, तर कधी गावाकडचा मावसभाऊ. "साहेब, पोरीला अकरावीला बायोलॉजी घ्यायचंय. पण बॅकग्राउंड नाही. काय करावं?"

हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक पोस्टिंगला ऐकला आहे. आम्हा फौजी लोकांच्या मुलांच्या वाट्याला तो जरा जास्तच येतो. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलते, बोर्ड बदलतं, कधी माध्यमही बदलतं. सध्या माझी पोस्टिंग बंगळुरूला आहे आणि आम्ही बसवनगुडीत भाड्याच्या घरात राहतो. इथे अकरावीला फर्स्ट पीयूसी म्हणतात आणि विषयांचे गट आद्याक्षरांनी ओळखतात. पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. पीसीएमसी म्हणजे बायोलॉजीच्या जागी कॉम्प्युटर. फरक एका अक्षराचा, पण त्या एका अक्षरावर एमबीबीएस, नर्सिंग, पशुवैद्यकीय अशी कितीतरी दारं उघडतात किंवा बंद होतात. आणि हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने प्रवेशाच्या गर्दीत, दोन मिनिटांत घ्यायचा असतो.

आमच्या एका हवालदाराची मुलगी गडहिंग्लज तालुक्यातून मराठी माध्यमात दहावी होऊन इथे आली. मार्क चांगले होते. एका कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आलं, "मराठी मीडियम? सायन्सचं बॅकग्राउंड कच्चं असणार. बायोलॉजी झेपणार नाही, कॉमर्स बघा." बाप वर्दीतला माणूस, हुकूम मानायची सवय. तो मान डोलावून परत आला. दुसऱ्या कॉलेजात तिला पीसीएमबी मिळालं हे ठीक झालं, पण पहिल्याच ठिकाणी मुकाट घरी बसलेल्या मुली किती असतील?

माझं मत सरळ आहे. 'बॅकग्राउंड नाही' असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ते असतं. त्यांच्याकडे नसतात ते शब्द. ज्ञान नसणं आणि त्या ज्ञानाचं इंग्रजी नाव माहीत नसणं या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो. शब्द दोन-तीन महिन्यांत कमावता येतात. त्यासाठी कुणाचा रस्ता अडवू नये.

उदाहरण अगदी घराजवळचं देतो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळासमोर भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. तिला कडलेकायी परिषे म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. पूर्वी इथे शेतं होती, एक बैल रोज शेंगांचं पीक खाऊन जायचा, म्हणून पहिलं पीक नंदीला वाहायचा नवस झाला, अशी कथा इथले लोक सांगतात. त्या जत्रेत ही मुलगी आपल्या आईवडिलांबरोबर आम्हाला भेटली. मी सहज विचारलं, शेंग जमिनीखाली का लागते गं? मला खरंच माहीत नव्हतं. माझं बायोलॉजी दहावीला संपलं, पुढे गणित घेऊन मी खडकवासल्याला गेलो.

तिने जे सांगितलं ते असं. फूल वर, पानांच्या बेचक्यात येतं. फूल सुकलं की तिथून आऱ्या सुटतात. आऱ्या वाकून जमिनीत शिरतात आणि त्यांच्या टोकाला मातीत शेंग पोसते. म्हणून आऱ्या सुटायच्या आधी मातीची भर लावायची, आणि एकदा आऱ्या मातीत गेल्या की कोळपणी बंद. तिचे आजोबा त्या सुमारास पिकावरून रिकामं पिंप फिरवतात, म्हणजे वरवरच्या आऱ्या मातीत दबतात. आणि भुईमुगाचा बेवड चांगला, त्यावर पुढचं पीक जोमाने येतं.

आता हेच पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बघा. परागण आणि फलन जमिनीच्या वर होतं. फलनानंतर अंडाशयाखालचा भाग लांब होतो आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने खाली वाढतो. शेंग म्हणजे फळ, दाणा म्हणजे बी, दाण्याच्या दोन डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं. बेवड चांगला असतो, कारण मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात बांधतात. फुलाची रचना, पुनरुत्पादन, वनस्पतींची वाढ, सहजीवन असे किमान चार विषय या मुलीच्या आजोबांच्या वावरात आहेत. तरी तिला सांगण्यात आलं की तुझं बॅकग्राउंड कच्चं आहे.

शब्द नंतर येतात, पाहणं आधी येतं, याचा सर्वांत मोठा दाखला एका फौजी डॉक्टरचा आहे आणि त्याची सुरुवात याच शहरात झाली. रोनाल्ड रॉस १८५७ मध्ये अल्मोड्याला जन्मले. वडील हिंदुस्थानी फौजेत अधिकारी. मुलाला साहित्याची आवड, वडिलांच्या आग्रहाने तो वैद्यकीला गेला. १८८३ मध्ये रॉस बंगळुरूच्या छावणीत हंगामी गॅरिसन सर्जन होते. आपल्या बंगल्यात डास फार का, हे शोधताना त्यांना खिडकीजवळच्या पिंपात अळ्या दिसल्या. पिंप रिकामं केलं, डास कमी झाले. डासांचा बंदोबस्त पाण्यापासून सुरू होतो हे त्यांच्या ध्यानात आलं ते असं.

पुढे मलेरियाच्या शोधात त्यांनी शेकडो डास चिरले, तेव्हाही त्यांना डासांच्या जातींची शास्त्रीय नावं माहीत नव्हती. कीटकशास्त्र ते शिकलेच नव्हते. त्यांनी स्वतःपुरती नावं ठेवली: करडे डास, पट्ट्यापट्ट्यांचे डास, ठिपकेदार पंखांचे डास. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला अशाच एका ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना मलेरियाचा परजीवी सापडला. आज अकरावीचा विद्यार्थी त्या डासाला ॲनोफेलिस म्हणतो. रॉसना १९०२ मध्ये नोबेल मिळालं. नाव माहीत नसल्यामुळे त्यांचं अडलं नाही, कारण कोणता डास कोणत्या डासापेक्षा वेगळा हे त्यांनी डोळ्यांनी नीट टिपलं होतं.

बसवनगुडीचं स्वतःचं मूळही अशाच एका गोष्टीत आहे. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग आला. जुन्या पेठेतल्या दाटीवाटीने माणसं मेली, आणि त्यानंतर रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहतींना वेग आला. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: उंदीर पडले की घर सोडायचं. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्येच कराचीत दाखवलं. लोकांना कारण माहीत नव्हतं, पण लक्षण माहीत होतं. विज्ञानाने त्यात कारण घातलं. शाळेतल्या बायोलॉजीचं कामही तेच आहे: मुलाला जे दिसतं त्यात कारण घालायचं.

आता माझ्या माजी सैनिक वाचकांसाठी. तुम्ही म्हणाल, आमचा शेतीशी संबंध सुटला, मुलं क्वार्टरमध्ये वाढली, त्यांना कसलं बॅकग्राउंड? तुमच्यापैकी जे लेहला किंवा वर ग्लेशियरला गेले आहेत त्यांनी आठवावं. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्याही वर आणखी चार दिवस. हे दिवस आपण हुकूम म्हणून काढले. शरीरात काय चाललं होतं? ऑक्सिजन कमी म्हणून श्वास वाढला. श्वास वाढला म्हणून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला आणि रक्त थोडं अल्कधर्मी झालं. ते ताळ्यावर आणायला मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकलं. त्याच मूत्रपिंडांनी एक संप्रेरक सोडलं आणि पुढच्या काही आठवड्यांत अस्थिमज्जेने तांबड्या पेशी वाढवल्या. श्वसन, रक्ताभिसरण आणि उत्सर्जन असे अकरावीच्या पुस्तकातले तीन धडे तुम्ही अंगावर काढले आहेत. आपल्याच फौजेतल्या डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १,९२५ भारतीय सैनिकांमधल्या या उंचीच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापला. हे पोरांना जेवताना सांगा. वाळवंटातल्या पोस्टिंगला पाण्यात मीठ-साखर का घालायचो तेही सांगा: लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं.

एवढं बोलून भागत नाही, हे मलाही कळतं. अनुभवावर पेपर लिहिता येत नाही. नीटच्या परीक्षेत आता १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्यातले ९० बायोलॉजीचे, म्हणजे ७२० पैकी ३६० मार्क. तिथे आऱ्या आणि बेवड कुणी विचारत नाही. पाठांतर लागतं, वेग लागतो. नीट मराठीतूनही देता येते, पण अकरावी-बारावीचा विज्ञानाचा वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतो. म्हणून तयारी लागतेच. माझा आक्षेप तयारीच्या क्रमावर आहे. निकाल लागल्याबरोबर पोराला हजारो रुपयांच्या क्रॅश कोर्सला घालून, पहिल्या दिवसापासून न कळणारे शब्द कोंबणं म्हणजे नकाशा न बघता रात्रीच्या गस्तीला निघणं. दहावीनंतर अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत जे सात-आठ आठवडे हातात असतात ते असे वापरावेत.

पहिले दोन आठवडे जुनं पुस्तक. महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ काढा. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, पेशीविज्ञान, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, हे सगळं त्यात आहे. ग्लुकोजचं विघटन आणि क्रेब चक्रसुद्धा आहे. म्हणजे ज्या मुलीला खिडकीवर 'झेपणार नाही' म्हणाले, तिने क्रेब चक्र मराठीत आधीच वाचलेलं होतं. त्याबरोबर भाग १ मधला कार्बनी संयुगांचा धडा पुन्हा करा. बायोलॉजीला खरी गरज असते ती थोड्या केमिस्ट्रीची. कार्बनचे बंध आणि आम्ल-आम्लारी कळले की प्रथिनं, मेद आणि विकर यांची भीती निम्मी होते.

मग शब्द. एका वहीत तीन रकाने आखा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, स्वतःची खूण. तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, खूण म्हणजे पेशीचा जनरेटर. लयकारिका म्हणजे लायसोसोम, खूण म्हणजे सफाई पार्टी. रोज दहा शब्द, रविवारी उजळणी, नवीन काही नाही. सहा आठवड्यांत साडेतीनशेच्या आसपास शब्द होतात आणि तेवढ्यावर पहिल्या सहामाहीचा वर्ग कळू लागतो. शब्द फोडायला शिकवा. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण, तो आपला प्रकाशसंश्लेषणच झाला. लायसिस म्हणजे तुटणं, सायटो म्हणजे पेशी, एंडो म्हणजे आत, एक्सो म्हणजे बाहेर. मराठी माध्यमाच्या मुलाला इथे फायदा आहे, कारण आपले शास्त्रीय शब्द अर्थ पोटात घेऊन येतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला फोटोसिंथेसिस हे पुष्कळदा नुसतं नाव असतं.

तिसरी गोष्ट धड्यांच्या क्रमाची. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक इथे पीयूसीलाही चालतं. त्यातले पहिले चार धडे सजीवांचे गट आणि त्यांची नावं यांचे आहेत. नवीन मूल तिथेच दमतं आणि बायोलॉजी म्हणजे घोकंपट्टी असं ठरवून टाकतं. घरी वाचताना आठव्या धड्यापासून, म्हणजे पेशीपासून सुरुवात करा. मग जैवरेणू, मग पेशीविभाजन, मग श्वसन आणि रक्ताभिसरण. वर्गीकरण कॉलेजमध्ये शिकवतील तेव्हा होईलच. तोवर पोराला हे कळलेलं असेल की नावं कशाला दिली आहेत.

चौथी गोष्ट ब्रीफिंग. आपण सँड मॉडेलवर उभं राहून पाच मिनिटांत ऑपरेशन समजावतो, तसं. पुस्तक मिटून आकृती काढायची, भागांना नावं द्यायची आणि घरातल्या कुणालाही दोन मिनिटांत मराठीत समजावायचं. ऐकणाऱ्याला बायोलॉजी येत नसेल तर उत्तमच. त्याने फक्त 'का?' विचारायचं. जिथे उत्तर अडतं, तिथे पुन्हा पुस्तक उघडायचं. हवालदाराच्या मुलीचे असे पुष्कळ रविवार माझ्या घरी झाले. माझं काम 'का?' विचारण्याचं.

पाचवी गोष्ट चालणं. बसवनगुडीच्या पूर्वेला लालबाग आहे. १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केलेली ही बाग, त्यातलं १८८९ चं काचघर आणि तीन अब्ज वर्षांपूर्वीचा खडक बघायला लोक लांबून येतात. तिथे झाडांवर शास्त्रीय नावांच्या पाट्या आहेत. आठवड्यातून एकदा जा, एकच झाड धरा, महिनाभर त्याचीच नोंद ठेवा. पान कसं, फूल कसं, शेंग येते का. गुलमोहर, वर्षावृक्ष आणि भुईमूग एकाच कुळातले आहेत हे पुस्तकात वाचलं तर विसरतं, तिन्हींच्या शेंगा हातात घेतल्या तर विसरत नाही. लालबाग नसेल तर गावची देवराई चालते, कॅन्टोन्मेंटचा रस्ताही चालतो.

हे सगळं करूनही पहिल्या चाचणीत मार्क कमीच येतात, हे आधी सांगून ठेवतो. त्या मुलीलाही पहिल्या चाचणीत जेमतेम पासापुरते पडले. अकॅडमीत पहिल्या सत्रात पळताना मागे राहणारा कॅडेट तिसऱ्या सत्रात पुढे असतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पहिल्या सहा महिन्यांवर निकाल लावू नका. ती आता सेकंड पीयूसीत आहे आणि वर्गात प्रश्न विचारते. डॉक्टर होईल की नाही ते मला सांगता येणार नाही. प्रत्येकाने डॉक्टर व्हावं असंही मला वाटत नाही, आणि केवळ बापाची हौस म्हणून पोराने बायोलॉजी घ्यावं असं तर मुळीच नाही. पण नको असेल तर ते पोराने ठरवावं. खिडकीमागच्या माणसाने ठरवू नये.

आणि ज्यांनी घाबरून आधीच बायोलॉजी सोडलंय त्यांच्यासाठी एक माहिती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेल्यालाही नीटला बसता येतं. म्हणजे दार तेव्हाही पूर्ण बंद होत नाही.

बसवनगुडीतच नॅशनल कॉलेज आहे. तिथले प्राचार्य डॉ. एच. नरसिंहय्या हे गौरीबिदनूरकडच्या एका खेड्यातून, गरीब घरातून शिकायला आलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुढे ते बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांनी १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. सामान्य माणसांसाठी विज्ञानाची व्याख्यानं, तीही नेमाने. ऐकायला येणाऱ्याला कुणी बॅकग्राउंड विचारलं नाही. कारकून आले, दुकानदार आले, शाळेतली पोरं आली. विज्ञानाचं दार असं उघडं ठेवता येतं.

पेन्शनवर गेलेल्या माझ्या मित्रांना म्हणून एक काम सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या गल्लीतल्या, गावातल्या एखाद्या पोराबरोबर त्या खिडकीपर्यंत जा. आपल्या उंच्यापुऱ्या देहाचा आणि मिशांचा तेवढा उपयोग होऊ द्या. कुणी 'बॅकग्राउंड नाही' म्हणालं तर शांतपणे विचारा, नेमकं काय नाही? आणि घरी आल्यावर त्या पोराला तीन रकान्यांची वही आणून द्या.

जय हिंद.